मोंतेसिओन विद्यालयाचा द्वारपाल

शाळेच्या वार्षिक अंकांत थोर पुरुषांचीं चरित्रें देण्याचा प्रघात जुना आहे. बहुधा तीं सेनापतींचीं, शास्त्रज्ञांचीं किंवा दूरदेशच्या प्रवाशांचीं असतात, आणि वाचकांसहि तींच आवडतात. कारण अशा चरित्रांत घडामोडी पुष्कळ. आज आम्ही ज्यांची ओळख करून देणार आहों त्यांनीं एकहि लढाई जिंकली नाहीं, कोणताहि शोध लावला नाहीं, आणि आयुष्याचीं शेवटचीं ४६ वर्षें एका बेटावरील एका विद्यालयांत घालविलीं. त्यांतील बहुतेक काळ ते त्या विद्यालयाचे द्वारपाल होते. घंटा वाजली कीं दार उघडावें, आलेल्यास आंत घ्यावें, निरोप पोंचवावा, दार लावावें, आणि पुन्हां घंटा वाजण्याची वाट पाहावी, हा त्यांचा उद्योग. असें असूनहि ते गेले त्या दिवशीं त्या बेटाचा राजप्रतिनिधि आणि रस्त्यावरचे भिकारी एकाच गर्दींत उभे होते. हे संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज होत.

वाचकांपैकीं कांहींनीं हें नांव एखाद्या जाड ग्रंथावर पाहिलें असेल. ख्रिस्ती परिपूर्णतेच्या अभ्यासावरील, १६०९ मध्यें प्रसिद्ध झालेला व पुढें मठामठांतून वाचला गेलेला ग्रंथ लिहिणारे फादर रॉड्रिग्ज हे निराळे. तेहि स्पॅनिश, तेहि येशूसंघाचे, आणि तेहि त्याच काळचे, यामुळें भल्याभल्यांचा घोटाळा होतो. ग्रंथकार रॉड्रिग्ज विद्वान धर्मगुरु होते. आमचे रॉड्रिग्ज लॅटिनच्या पहिल्याच पायऱ्यांवर अडखळले. संतपद मात्र या अडखळणाऱ्यासच मिळालें!

स्पेन देशांत सेगोव्हिया नांवाचें जुनें शहर आहे. रोमन लोकांनीं बांधलेला पाण्याचा उंच दगडी पाट अद्यापि तेथें उभा आहे. सोळाव्या शतकांत हें शहर लोंकर आणि लोंकरीचें कापड यांकरितां नांवाजलेलें होतें. तेथील डिएगो रॉड्रिग्ज या लोंकरीच्या व्यापाऱ्याच्या घरीं २५ जुलै १५३२ रोजीं अल्फोन्ससचा जन्म झाला. घर भाविक होतें व खाऊनपिऊन सुखी होतें. मुलगा लहान असतांना त्या घरीं एक पाहुणा आला. हा पाहुणा म्हणजे येशूसंघाच्या पहिल्या सभासदांपैकीं एक, फादर पीटर फेबर. पॅरिसच्या विद्यापीठांत शिकत असतांना संत फ्रान्सिस झेव्हियर आणि फेबर हे एकाच खोलींत राहत, आणि पुढें त्याच खोलींत संत इग्नेशियस येऊन मिळाले. खोलींतील एक सोबती १५४२ मध्यें गोव्यास उतरला व हातांत घंटा घेऊन गल्लीगल्लींतून मुलांस धर्मशिक्षणासाठीं गोळा करूं लागला. दुसरा त्याच काळांत युरोपभर पायीं हिंडत होता, आणि त्या हिंडण्यांत त्यानें सेगोव्हियाच्या या व्यापाऱ्याच्या मुलास जवळ बसवून पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठीं तयार केलें. फेबर १५४६ मध्यें वारले. मुलगा त्यांस जन्मभर विसरला नाहीं.

थोडा मोठा झाल्यावर अल्फोन्ससला त्याच्या भावाबरोबर आल्काला येथें, येशूसंघाच्या नव्या विद्यालयांत, शिकण्यास धाडलें. वर्षहि पुरें झालें नसेल तोंच वडील वारल्याची बातमी आली. आईस धंद्यांत मदतीचा हात हवा होता, म्हणून अल्फोन्ससला परत बोलाविलें. शिक्षण तुटलें तें तुटलेंच. पुढें आईनें सर्व व्यापार त्याच्या स्वाधीन केला तेव्हां तो पुरता पंचविशींतहि आला नव्हता.

वयाच्या २६ व्या वर्षीं मारिया सुआरेझ नांवाच्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. तीन मुलें झालीं. यापुढील पांच वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यांतच देतों, कारण तो लांबविण्यासारखा नाहीं. लोंकरीचा धंदा बसत चालला. तीन मुलांपैकीं दोन गेलीं. मग पत्नी गेली. ३१ व्या वर्षीं अल्फोन्सस विधुर झाले. हातांत खालावलेला व्यापार आणि पदरांत एक लहान मुलगा. ज्या घरांतून मूल गेलें आहे त्या घरांतील आईबापांस याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां येथें कोणी चरित्रकार असें लिहून मोकळा होईल कीं या दुःखानें त्यांचें मन ईश्वराकडे वळलें व त्यांस शांति लाभली. हें वाक्य लिहिण्यास सोपें आहे, परंतु तें खरें नाहीं. आरंभीं त्यांस शांति मुळींच लाभली नाहीं. दुःखानें त्यांची दृष्टि आंत वळली, आणि आंत त्यांस दिसलीं तीं स्वतःचीं पापें. इतक्या वर्षांत आपण धंद्याचा विचार किती केला आणि परमेश्वराचा किती, या हिशेबानें ते खचून गेले. जगाच्या दृष्टीनें त्यांनीं कांहींच वाईट केलें नव्हतें. परंतु हिशेब मांडणारे स्वतःच असले म्हणजे बाकी फार निघते. त्यांनीं उपवास व देहदंड आरंभिले, तेहि इतके कडक कीं पुढें प्रकृति कायमची ढांसळली. हा अतिरेक कोणींहि अनुकरण करण्याजोगा नव्हे, आणि पुढें त्यांच्या वरिष्ठांसहि त्यांस आवर घालावा लागला.

खरी मदत मिळाली ती घरांतूनच. त्यांच्या दोन अविवाहित बहिणी फार भाविक होत्या. या बहिणींनीं भावास मनन शिकविलें: ख्रिस्ताच्या चरित्रांतील एखादा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा, तेथें आपणहि उभे आहों असें समजावें, आणि गप्प बसावें. लवकरच ते रोज दोन तास असें मनन करूं लागले. युरोपांतील मोठमोठे धर्मपंडित त्या काळीं प्रार्थनेवर ग्रंथ लिहीत होते. अल्फोन्सस यांचे गुरु मात्र स्वयंपाकपाणी करणाऱ्या या दोन स्त्रिया होत्या, ही गोष्ट आम्हांस विसरवत नाहीं.

मग आई वारली, आणि शेवटीं तो उरलेला लहानगाहि गेला. आतां त्या घरांत त्यांस बांधून ठेवणारें कांहीं राहिलें नाहीं. उरलीसुरली मालमत्ता त्यांनीं बहिणींस व गोरगरिबांस देऊन टाकली, आणि येशूसंघांत घेण्याविषयीं सेगोव्हियांतील फादरांस विनंति केली. नकार मिळाला. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, प्रकृति खंगलेली, आणि विद्या जवळजवळ नाहीं; धर्मगुरु होण्यास लागणारें लॅटिन कोठून येणार? नकार देणारांस बोल लावण्याचें कारण नाहीं. कोणत्याहि शहाण्या वरिष्ठानें तोच निर्णय दिला असता.

त्यांचे जुने मार्गदर्शक फादर सांतांदेर हे त्या वेळीं व्हॅलेन्सिया येथें होते. अल्फोन्सस त्यांच्याकडे गेले. फादरांनीं सांगितलें कीं आधीं लॅटिन शिका, मग पाहूं. विद्यार्थी मित्रहो, पुढील प्रसंग तुम्हीं विशेष लक्ष देऊन वाचावा. ज्यानें व्यापार चालविला होता, ज्यानें स्वतःचीं मुलें पुरलीं होतीं, तो पिकूं लागलेल्या केसांचा मनुष्य लहान मुलांच्या वर्गांत बांकावर जाऊन बसला आणि नामें चालवूं लागला. मुलें हंसलीं असतील तर नवल नाहीं. पोटासाठीं ते कधीं चाकरी करीत, एका सरदारघराण्यांतील मुलाचा सांभाळ करीत, आणि जें मिळे त्यांतीलहि कांहीं भिकाऱ्यांस देत. एवढें करूनहि लॅटिन कांहीं फारसें आलें नाहीं. याच सुमारास एका परिचितानें त्यांस एकांतवासी होण्याविषयीं गळ घातली. डोंगरांत जाऊन राहावें, कोणाची कटकट नाहीं, रात्रंदिवस प्रार्थना! भग्न मनाच्या माणसास ही कल्पना किती गोड वाटली असेल तें सांगावयास नको. कांहीं काळ अल्फोन्ससहि त्या मोहांत पडले होते. परंतु फादर सांतांदेर यांनीं त्यांस सावध केलें कीं यांत ईश्वराच्या इच्छेपेक्षां स्वतःची इच्छाच अधिक दिसते. अल्फोन्सस यांनीं तें मानलें. डोंगर राहिला, आणि नशिबीं आलें तें शहरांतील सर्वांत गजबजलेल्या घराचें दार.

येशूसंघांत त्यांनीं पुन्हां अर्ज केला. तपासणी करणाऱ्या फादरांपैकीं बहुतेकांचें मत प्रतिकूल पडलें. धर्मगुरु होण्यास विद्या नाहीं, आणि साधा ब्रदर म्हणून राबण्यास प्रकृति नाहीं. मग या गृहस्थास घेऊन करावयाचें काय? शेवटीं प्रांताधिकारी फादर कोर्देसेस यांनीं आपल्या अधिकारांत निर्णय फिरविला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा सांगतात कीं धर्मगुरु म्हणून नको, कामकरी म्हणूनहि नको, तर संत होण्यासाठीं तरी त्यांस आंत येऊं द्यावें. ३१ जानेवारी १५७१ रोजीं अल्फोन्सस यांस ब्रदर म्हणून प्रवेश मिळाला. ब्रदर म्हणजे धर्मगुरूची दीक्षा न घेतां, व्रतस्थ राहून, घरांतील सर्व कष्टाचीं कामें पाहणारा बंधु. स्वयंपाक, शिवणटिपण, बाग, दार हें त्याचें क्षेत्र. सहा महिन्यांतच त्यांस समुद्रापलीकडे मायोर्का बेटावर, पाल्मा शहरांतील मोंतेसिओन विद्यालयांत धाडण्यांत आलें. मोंतेसिओन म्हणजे सियोन पर्वत. तेथून ते पुन्हां कधींच परतले नाहींत.

आरंभीं घरांतील पडेल तें काम त्यांनीं केलें. पुढें द्वारपालाचें काम त्यांच्याकडे आलें. दारावरचें काम म्हणजे बसून राहण्याचें काम, असा सर्वसाधारण समज असतो. ज्यांनीं आपल्या शाळेच्या फाटकावरील माणसाकडे एक दिवस नीट पाहिलें असेल त्यांस हा समज किती चुकीचा आहे तें ठाऊक असेल. मोंतेसिओनच्या दाराशीं सकाळपासून कोण येत नसे? विद्यार्थी येत, त्यांचे आईबाप येत. एखाद्या फादरांस भेटूं इच्छिणारे सरदार येत, निरोपे येत, भिकारी येत, खलाशी येत, रडणाऱ्या बाया येत. प्रत्येकाचें नांव विचारून ज्यास भेटावयाचें त्या फादरांस घरभर शोधून आणावें लागे. निरोप घेऊन गांवांत जावें लागे. गरिबांस भाकरी वांटावी लागे. आणि हें सर्व करून खोलींत येऊन जरा जपमाळ हातीं घ्यावी तोंच पुन्हां घंटा!

या घंटेनेंच त्यांचें आयुष्य घडविलें असें म्हणतां येईल. ज्या मनुष्यास दोन तासांच्या मननाची गोडी लागली आहे, ज्याचें मन एकांतासाठीं झुरत आहे, त्यास ही घंटा म्हणजे किती मोठा छळ! प्रत्येक घंटा त्यांस देवापासून उठवून माणसांकडे नेत होती. अल्फोन्सस यांनीं या पेंचांतून जी वाट काढली ती अगदीं साधी आहे. घंटा वाजली कीं दाराबाहेर साक्षात् प्रभु उभा आहे असें ते मनांत आणीत, आणि दाराकडे जातां जातां मनांतल्या मनांत त्यासच सांगत कीं हा मी आलों. मग दार उघडल्यावर बाहेर कोणीहि असो. मळक्या कपड्यांतील भिकारी असो कीं उशीर झालेला विद्यार्थी असो, ज्या चेहऱ्यानें प्रभूचें स्वागत करावयाचें तोच चेहरा त्यास दिसे. दारापर्यंतचीं तीं दहावीस पावलें हीच त्यांची प्रार्थना झाली. ती दिवसांतून किती वेळां घडे याची मोजदाद कोण करणार?

आमच्याकडील वाचकांस सांवता माळ्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. मळा सोडून तो पंढरीस गेला नाहीं. मळ्यांतच त्यास विठ्ठल पाहण्याचा अभ्यास होता. दोन देश, दोन धर्म आणि दोन निराळे काळ. तरी कांदामुळा लावणारा तो माळी आणि कुलूप-किल्ली सांभाळणारा हा ब्रदर एकमेकांस भेटते तर त्यांस दुभाष्याची फारशी गरज पडली नसती, असें आम्हांस वाटतें.

हें साधन ऐकावयास सोपें असलें तरी तें अंगवळणीं पडण्यास वर्षें लागलीं. कोणी असें समजूं नये कीं या द्वारपालाचें अंतःकरण सदैव निवांत तळ्यासारखें होतें. त्यांच्या स्वतःच्या लेखांवरून कळतें कीं वर्षानुवर्षें नाना प्रकारच्या मोहांनीं व शंकांनीं त्यांस ग्रासलें होतें. आपण तरणार नाहीं, ईश्वरानें आपणांस टाकलें आहे, असे विचार त्यांच्या मनावर लाटांप्रमाणें आदळत. प्रार्थनेंत कधीं कधीं महिनोन्महिने कसलाहि ओलावा नसे. बाहेरच्या लोकांस याचा पत्ता नव्हता. त्यांस दिसे तो हंसऱ्या चेहऱ्याचा वृद्ध ब्रदर. कडू गोष्ट गोड कशी करावी याविषयींची त्यांची एक रीत होती. मनास एखादी गोष्ट फार लागली कीं ते क्रुसावरील ख्रिस्तासमोर ती घेऊन जात, त्याच्या दुःखाशेजारीं आपलें दुःख ठेवून पाहत, आणि तें त्याच्यासाठीं सोसावयाचें असें ठरवीत. मग दुःख नाहींसें होत नसे, परंतु त्यांतला कडवटपणा जाई. आम्हांस वाटतें, शांति या शब्दाचा अर्थ त्यांच्या बाबतींत एवढाच आणि इतका मोठा होता.

त्यांची जपमाळ सर्व पाल्मांत प्रसिद्ध होती. कुमारी मरियेवर त्यांची भक्ति लहान मुलाची आईवर असते तशी होती. दारावर, रस्त्यावर, निरोप नेतांना मणी फिरत असत. शहराबाहेर बेल्व्हेर नांवाचा किल्ला टेकडीवर आहे. एकदां मिस्सा अर्पण करण्यासाठीं तिकडे निघालेल्या एका फादरांबरोबर अल्फोन्ससहि चालले होते. चढ मोठा, ऊन कडक, आणि म्हातारें शरीर. परंपरा अशी सांगते कीं ते धापा टाकीत थांबले असतां खुद्द मरियेनें येऊन त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. त्या झाडींत त्या जागीं आज एक लहानसें प्रार्थनामंदिर आहे. या कथेकडे कोणी कसें पाहावें तें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हांस तींत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी दिसते: हें दर्शन एखाद्या महोत्सवांत किंवा समाधींत घडल्याचें कोणी सांगत नाहीं; तें दुसऱ्याबरोबर नित्याच्या कामास जातांना, चढाच्या रस्त्यावर घडल्याचें सांगतात.

१५८५ मध्यें, विद्यालयांत आल्यावर चौदा वर्षांनीं, त्यांनीं येशूसंघांतील अखेरचीं व्रतें घेतलीं. तोंपर्यंत दाराशीं येणारांची रीत पालटली होती. लोक फादरांस भेटावयास येत, आणि त्यांस शोधण्यास गेलेला द्वारपाल परत येईपर्यंत थांबून त्यालाच आपलें गाऱ्हाणें सांगत. विद्वानांस न सुचलेला सल्ला या अर्धशिक्षित ब्रदरकडून मिळे. घरांतले फादरहि त्यांच्याकडे येऊं लागले. सन १६०४ पासून वरिष्ठांनीं त्यांस आपले अनुभव लिहून ठेवण्याची आज्ञा केली. अल्फोन्सस यांनीं आज्ञा पाळली, परंतु लिहितांना त्यांनीं स्वतःचा उल्लेख एक व्यक्ति असा तिऱ्हाइतासारखा केला. १६१६ पर्यंत हें लेखन चाललें होतें. १८८५ मध्यें बार्सिलोना येथें त्यांचे आध्यात्मिक लेख छापले गेले ते तीन खंड भरले. ज्यास लॅटिन आलें नाहीं म्हणून नाकारलें होतें त्याचे हे खंड!

या चरित्रांत घडामोडी नाहींत असें आम्हीं आरंभीं म्हटलें. एक मात्र आहे, आणि ती मोठी आहे. १६०५ मध्यें मोंतेसिओनच्या दाराशीं एक तरुण येऊन उभा राहिला. कातालोनियांतील व्हेर्दू गांवचा पेद्रो क्लाव्हेर. वय पंचवीस, येशूसंघांत येऊन तीनच वर्षें झालेलीं, तत्त्वज्ञान शिकण्यासाठीं पाठविलेला. मन भाविक, परंतु स्वतःविषयीं अत्यंत साशंक. आपल्या हातून कांहीं होईल असा विश्वास नाहीं. त्या वेळीं अल्फोन्सस सत्तरी उलटून गेलेले. तरुणानें वरिष्ठांची परवानगी काढली, आणि रोज ठराविक वेळीं विद्यार्थी व द्वारपाल एकत्र बसूं लागले. पुस्तकी विद्या एकाकडे, अनुभव दुसऱ्याकडे. म्हाताऱ्यानें तरुणास आग्रहानें सांगितलें तें हें कीं समुद्रापलीकडे अमेरिकेंत असंख्य जीव कोणी वाली नसल्यामुळें नष्ट होत आहेत; तिकडे जा. स्वतः अल्फोन्सस यांनीं अमेरिका पाहिली नव्हती. परंतु बंदराच्या गांवीं दार सांभाळणाऱ्यास जगाच्या वार्ता कानीं पडतातच, आणि त्या वार्ता ते नुसत्या कानीं पडूं देत नसत.

क्लाव्हेर १६१० मध्यें निघाले. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कार्ताहेना हें बंदर आहे. आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांचीं गलबतें तेथें लागत. माणसें तळघरांत सांखळदंडांनीं जखडलेलीं, आजारी, अर्धमेलीं, आणि कित्येक वाटेंतच मेलेलीं. १६१६ मध्यें धर्मगुरूची दीक्षा मिळाल्यावर क्लाव्हेर यांनीं या गलबतांवर जाण्याचें काम पत्करलें तें अंगांत बळ असेपर्यंत सोडलें नाहीं. गलबत बंदरांत लागलें कीं ते फळें, भाकरी, औषधें घेऊन होडींतून जात. आधीं खाऊं घालीत, जखमा धूत. धर्माची गोष्ट मागाहून. १६२२ मध्यें अखेरचीं व्रतें घेतांना आपण या आफ्रिकन लोकांचे कायमचे दास आहों असें त्यांनीं स्वतःच्या सहीबरोबर लिहून दिलें. सुमारें तीन लक्ष लोकांस त्यांनीं स्नानसंस्कार दिला असें सांगतात. जहाजाच्या तळघराचें झांकण उघडून त्या काळोखांत उतरणारा हा धर्मगुरु दार उघडण्याची विद्या कोणापाशीं शिकला होता, तें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. अल्फोन्सस यांनीं स्वहस्तें लिहून दिलेली एक लहानशी वही क्लाव्हेर यांनीं बरोबर नेली होती, आणि ती त्यांनीं अखेरपर्यंत जपून ठेविली.

इकडे म्हाताऱ्याचें शरीर थकत चाललें. दाराचें काम दुसऱ्याकडे गेलें. शेवटच्या दिवसांत दुखणीं वाढलीं, आणि आयुष्यभर जपलेली स्मरणशक्तिहि साथ देईना. नेहमींच्या प्रार्थनाहि आठवत नाहींशा झाल्या. जन्मभर ज्यांच्या आधारें चाललों त्या प्रार्थनांचे शब्दच हरपावे, याहून मोठी परीक्षा भक्तास कोणती? ते निमूट राहिले. २९ ऑक्टोबर १६१७ रोजीं त्यांनीं ख्रिस्तप्रसाद घेतला. त्यानंतर शरीराच्या व मनाच्या सर्व वेदना एकाएकीं थांबल्या असें जवळच्यांनीं पाहिलें. दोन दिवस ते ध्यानस्थ असल्यासारखे शांत पडून होते. ३१ तारखेच्या मध्यरात्रीं अखेरची तगमग सुरू झाली. ती अर्धा तास टिकली. मग त्यांनीं डोळे उघडून सभोंवतीं जमलेल्या बंधूंकडे प्रेमानें पाहिलें, हातांतील क्रूसाचें चुंबन घेतलें, मोठ्यानें येशूचें नांव घेतलें, आणि प्राण सोडला. अंत्यविधीस राजप्रतिनिधि आला, सरदार आले, आणि ज्यांस त्यांनीं दाराशीं भाकरी दिली होती ते गरीब आणि रोगीहि लोटले.

१६३३ मध्यें मायोर्काच्या लोकांनीं त्यांस आपल्या बेटाच्या रक्षक संतांत गणलें. रोमचा निर्णय मात्र लांबला. १७६० मध्यें पोप तेरावे क्लेमेंट यांनीं त्यांचे सद्गुण असामान्य असल्याचें जाहीर केलें, तोंच १७६७ मध्यें येशूसंघाची स्पेनमधून हकालपट्टी झाली आणि १७७३ मध्यें संघच बरखास्त झाला. ज्यांनीं प्रकरण चालवावयाचें तेच उरले नाहींत. संघाची पुनःस्थापना झाल्यावर, १८२५ मध्यें, त्यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईकडील मिशनचें काम जर्मन फादरांनंतर ज्या स्पॅनिश फादरांकडे आलें, ते याच संतास आपल्या घरचा मानणाऱ्या अरागोन प्रांताचे. म्हणून आमच्या इकडील कित्येक जुन्या विद्यार्थ्यांनीं हें नांव प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकलें.

पेद्रो क्लाव्हेर ८ सप्टेंबर १६५४ रोजीं कार्ताहेना येथें वारले. मोंतेसिओन सोडल्यावर गुरूशिष्यांची पुन्हां भेट झाली नव्हती. मध्यें सर्व अटलांटिक महासागर होता. १५ जानेवारी १८८८ रोजीं रोम येथें पोप तेरावे लिओ यांनीं नवे संत जाहीर केले, तेव्हां त्या यादींत विद्यार्थी आणि द्वारपाल या दोघांचीं नांवें एकत्र वाचण्यांत आलीं.